सुरू करायचा नारळ

पंचवटीत भाजी घ्यायला गेले की साळूबाई मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकता टाकता विचारतेच, "काय वो अनसूयाबाई, तुमचा गौरांग आजून कालेजातच? कधी संपायचं त्याचं कालेज?"

विचारणारच ती. गौरांगचे कानावरचे केस पांढरे झालेत आणि अजून तो दुपारी जेवला की खांद्याला सॅक लावून निमाणीच्या स्टँडवर बस पकडायला जातो. साळूबाईचा नातू कॉलेजात गेला, शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्नसुद्धा झालं. पूर्वी कुणी असं विचारलं की माझं डोकंच फिरायचं. "तुला काय करायचंय गं? तू आपली जुडी दे," असं फाडकन तोंडावर मारायचे. माझ्या तोंडाला पंचवटीत सगळे ओळखून आहेत. हल्ली मात्र माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते मी हसून देते. ते उत्तर माझं नाही, गौरांगचं आहे. पण ते सांगायचं तर आधी नारळाचं सांगायला हवं.

आमचे हे, उपेंद्रगुरुजी, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. आम्हाला एकुलता एक गौरांग. जन्मला तेव्हा रडायलाच उशीर केला पठ्ठ्यानं. पुढे चालायला उशीर, बोलायला उशीर. डॉक्टर म्हणाले, याची समज सावकाश वाढेल, घाई करू नका. मी म्हटलं, नाही करत. वाढतेय ना, मग झालं तर.

त्याच्यासारख्या मुलांची एक शाळा होती, तिथे तो जायचा. पाटीवर त्या मुलांसाठी जो शब्द लिहिलेला होता तो मला कधीच आवडला नाही, पण शाळा चांगली होती. अक्षरं शिकला, शर्टाची बटणं लावायला शिकला, डबा वाटून खायला शिकला. आणि मग अठरा पूर्ण झाली. अठरानंतर शाळेत ठेवत नाहीत, असा नियम. निरोपाला शाळेतल्या बाईंनी ओवाळलं, गळ्यात हार, अंगावर शाल, हातात नारळ. फोटो काढला. मीही वेडी, कौतुकानं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा गणवेश घालून, भांग पाडून दारात उभा.

"अरे राजा, शाळा संपली आता," मी म्हटलं.

तो किती तरी वेळ विचार करत उभा राहिला. मग आत गेला, देवापुढे ठेवलेला तो नारळ उचलला आणि चालायला लागला. मी मागोमाग. शाळेच्या फाटकाशी जाऊन त्यानं नारळ गजांतून आत धरला आणि वॉचमनला म्हणाला, "घ्या. परत घ्या. मला नको."

त्याच्या डोक्यानं त्यानं बरोबर जुळवलं होतं बघा. काल नारळ दिला आणि शाळा संपली. म्हणजे नारळ परत केला की शाळा परत मिळेल. वॉचमन बिचारा काय करणार? "जा बाळा घरी," म्हणाला. मला मेलीला पदर तोंडात धरून रडायची वेळ आली. पुढे कितीतरी दिवस रोज सकाळी हा तो नारळ घेऊन फाटकाशी जायचा आणि परत यायचा. शेवटी त्यानं तो खाटेखाली ठेवून दिला. फोडू म्हणून देईना. आतलं पाणी आटलं, गोटा खुळखुळायला लागला. अधूनमधून हलवून ऐकायचा आणि परत ठेवायचा.

घरी बसवून तरी किती बसवणार? हे त्याला पूजेला बरोबर न्यायला लागले. कुणाचं दुकान सुरू होतंय, कुणाच्या घराचा पाया खणायचाय, कुणी नवी रिक्षा घेतली, गुरुजी हवेतच. तिथे नारळ फोडायचं काम गौरांगचं. शेंडी कशी सोलायची, शिरा कुठे येतात, कुठे घाव घालायचा, हे यांनी त्याला शिकवलं, आणि त्याचा हात असा बसला की एका घावात दोन सारखी भकलं. मेनरोडवरचे दुकानदार म्हणायचे, "गुरुजी, नारळ गौरांगच्याच हातचा हवा हं!" तेवढा वेळ खुलायचा. पण पूजा काय रोज असते का? बाकी दिवस हा उंबऱ्यावर बसून शाळेत जाणारी पोरं बघायचा. माणूस विशीत आला आणि त्याचं सगळं संपलं, असं कधी असतं का हो? मला रात्री झोप लागायची नाही. आम्ही गेल्यावर हा उंबऱ्यावरच बसून राहणार का, एवढंच डोक्यात.

अशी चार वर्षं गेली. मग मृण्मयी आली. कशी आली ते ऐका. कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन ती गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर आली होती, नदीचा अभ्यास करायला. भूगोल शिकवायची. गोरीगोमटी, किडकिडीत, उन्हानं लाल झालेली. गौरांग तिच्या त्या मुलांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, ती सांगेल ते तोंड उघडं टाकून ऐकत. मी हाक मारायला गेले तर ती म्हणाली, "राहू द्या ना काकू. ऐकतोय तो." तास संपल्यावर तिनं विचारलं, "हा कुठे शिकतो?" मी म्हटलं, "कुठे शिकणार? त्याचं शिकून संपलं." त्यावर ती बाई जरा रागावल्यासारखीच झाली. "शिकणं असं संपतं का काकू? माझं तर अजून नाही संपलं."

तेव्हा मला वाटलं, बोलायला काय जातंय. पण पुढच्या पावसाळ्यात ती आमचं घर शोधत आली. तिच्या कॉलेजात तिनं एक वर्ग मागून घेतला होता. शाळेतून बाहेर पडलेल्या, घरी बसलेल्या मोठ्या मुलामुलींसाठी, रोज दुपारी दोन ते पाच. परीक्षा नाही, पास-नापास नाही. कॉलेजचं नाव मी सांगत नाही, उगाच कुणाला वाटायला नको. पण गेट मोठं आहे, आत गुलमोहर आहेत आणि त्या गेटातून माझा गौरांग आत गेला.

आणि पहिल्याच दिवशी घोटाळा! आपल्याकडे नारळाशिवाय काही सुरू होतं का, काही संपतं का? कॉलेजनं मोठ्या हौसेनं या नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत ठेवलं होतं. गुलाबाचं फूल आणि नारळ. गौरांगच्या हातात नारळ आला मात्र, त्याचं तोंड उतरलं. "झालं," म्हणाला. नारळ शेजारच्या बाकावर ठेवला आणि सरळ गेटाबाहेर चालायला लागला. बसायच्या आधीच कॉलेज संपलं त्याचं!

मृण्मयी धावत आली. मी घाईघाईनं तिला शाळेचा नारळ, फाटक, वॉचमन, सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांना धार. वाटलं, आता ही म्हणेल, काकू, याला नाही जमायचं. पण ती तो नारळ घेऊन गौरांगकडे गेली, गुलमोहराखाली त्याच्याशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "गौरांग, दुकान सुरू करताना तू नारळाचं काय करतोस?"

"फोडतो."

"मग हा फोड ना. वर्गाच्या पायरीवर. आपला वर्ग सुरू करायचाय."

त्यानं नारळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "हातात ठेवायचा नाही?"

"नाही. हा सुरू करायचा नारळ आहे."

मग काय विचारता! शेंडी सोलली, पायरीवर एकच घाव, दोन भकलं. पाणी सगळ्यांच्या तळहातावर. घरी आल्या आल्या त्यानं खाटेखालचा तो जुना नारळ काढला आणि अंगणात फोडला. आतलं खोबरं खवट झालं होतं, टाकून द्यावं लागलं. पण मी देवापुढे साखर ठेवली. मृण्मयीचं नाव घेऊन ठेवली, खोटं कशाला सांगू.

त्या वर्गात काय शिकवायचे म्हणाल तर जगातलं सगळंच. वर्तमानपत्र वाचायचे, मोठ्यानं, एकेक ओळ. बसची पाटी वाचायला, सुटे परत मागायला. मत कसं द्यायचं. हृदय कुठे असतं, कसं धडधडतं. नांदगावची रोशनी आत्याकडे राहून यायची, तिशीची मुलगी, आधी कुणाशी अक्षर बोलायची नाही. ती फळ्यापाशी उभी राहून भाकरीचं पीठ कसं मळायचं ते शिकवायला लागली! गौरांगला नकाशांचं वेड लागलं. एक दिवस गंगेवर आंध्रातले यात्रेकरू आले होते. यांचे मंत्र चालू, आणि हा त्या म्हाताऱ्याला विचारतो, "राजमहेंद्री? तुमच्याकडे पण हीच गंगा. इथून जाते. लांब. मग समुद्र." म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, पण राजमहेंद्री आणि गंगा कळलं. त्यानं गौरांगचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. यांचे मंत्रच थांबले. घरी येऊन हे म्हणाले, "अगं, मी आयुष्यभर या पाण्यात उभा आहे. पण हे पाणी पुढे कुठे जातं ते मी एकाही यजमानाला सांगितलं नाही."

असं छान चाललं होतं. आणि काही वर्षांनी कॉलेजात नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नव्हता. शिस्तीचा होता. त्यांनी आम्हा पालकांना बोलावून चहा दिला आणि समजावून सांगितलं, की या वर्गाचं काम उत्तम झालं, पाच वर्षं झाली, आता विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रं देऊन वर्ग पूर्ण करू. त्या खोलीत कॉम्प्युटर यायचे होते. "शेवटी कॉलेज म्हणजे शिकून बाहेर पडायची जागा, ताई. धर्मशाळा नव्हे."

मृण्मयीनं मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. मी बसते होय! म्हटलं, "साहेब, तुम्ही कॉलेजात किती वर्षं आहात?"

"झाली की तीसेक."

"मग तुमचा अभ्यास अजून व्हायचाय वाटतं? तुम्ही कधी बाहेर पडणार?"

यांनी कपाळावर हात मारला. बाहेर आल्यावर म्हणाले, "अगं, जिभेला काही हाड?" मृण्मयी मात्र तोंडावर रुमाल धरून हसत होती. पण हसून काय होणार? निरोप समारंभाची तारीख ठरली. तिनं अर्ज केले, भेटी घेतल्या, सगळीकडून एकच उत्तर, तुमचं काम फार मोलाचं आहे. म्हणजे नाहीच.

गौरांगला काय सांगायचं? मी सांगितलंच नाही. माझी हिंमतच झाली नाही. डोळ्यांपुढे ते शाळेचं फाटक यायचं. आता हा तिशीकडे चाललेला, दाढीवाला, तो गजांतून नारळ धरून उभा राहील आणि म्हणेल, परत घ्या. ते मला दुसऱ्यांदा बघवलं नसतं.

समारंभ कॉलेजच्या हॉलमध्ये, दुपारी. स्टेजवर प्राचार्य, मृण्मयी आणि आमची मुलं ओळीनं खुर्च्यांवर. भाषणं झाली. सगळे मृण्मयीबद्दल फार चांगलं बोलले, तिच्या अंगावर शाल घातली. मग एकेकाला प्रमाणपत्र, शाल आणि शेंडीचा नारळ. रोशनीनं घेतला. तिच्यामागे बाकीच्यांनी घेतला. गौरांगच्या हातात नारळ आला आणि मी यांचा हात घट्ट धरला.

त्यानं नारळ मांडीवर ठेवला. शालीकडे बघितलं. मृण्मयीकडे बघितलं. ती रडत होती, लपवतही नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं. मला आईला कळतं ना, त्याला कधी काय कळलं ते. हा कुठला नारळ आहे ते त्याला पुरतं कळलं.  मी उठलेच होते, त्याला खाली आणायला.

तेवढ्यात त्याचा अंगठा शेंडीवर गेला. त्यानं एक तंतू ओढला. मग दुसरा. प्राचार्य आभार मानत होते आणि हा मान खाली घालून शांतपणे शेंडी सोलत होता, रिक्षाच्या पूजेत सोलतो तशी.

"अहो," मी यांना म्हटलं, "हा फोडणार बहुतेक!"

"फोडू दे," हे म्हणाले. यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

सोलून झाल्यावर गौरांग उठला. सोललेले तंतू नीट शर्टाच्या खिशात घातले, कचरा नको म्हणून. स्टेजच्या दगडी पायरीशी आला, खाली बसला, नारळ फिरवून शीर बघितली आणि एकच घाव. हॉलभर आवाज झाला. प्राचार्य बोलता बोलता थांबले. पाणी पायऱ्यांवरून खाली आलं. गौरांग उभा राहिला, दोन्ही हातांत दोन भकलं घेऊन, आणि मोठ्यानं म्हणाला, "सुरू."

रोशनी लगेच आपला नारळ घेऊन त्याच्यापुढे आली. त्यानं तोही फोडला. मग बाकीचे आले. मी कँटीनमधून सुरी आणायला सांगितली, नाही तर करणार काय? यांनी मांडी घालून खोबऱ्याचे तुकडे केले आणि गौरांगनं ते वाटले. पहिला मृण्मयीला. दुसरा प्राचार्यांना. आता हातावर ठेवलेला प्रसाद कुणी नाही म्हणतं का? त्यांनी तो तोंडात घातला आणि चावत उभे राहिले. मग गौरांगनं घड्याळ बघितलं, सॅक उचलली आणि वर्गाकडे चालायला लागला. त्याच्यामागे रोशनी, तिच्यामागे बाकीचे. पाच वाजायचे होते ना अजून. त्यांचा तास होता.

मृण्मयी अंगावरच्या शालीसकट धावली. आम्ही सगळे वर्गाच्या दाराशी. मुलं आपापल्या बाकांवर बसलेली, वह्या उघडलेल्या. तिनं डोळे पुसले, खडू घेतला आणि नकाशा काढायला लागली. शिकवता शिकवता आवाज चिरकायचा, पण थांबली नाही. थोड्या वेळानं प्राचार्य आले. दारात घुटमळले. गौरांगनं त्यांना बघितलं, बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाला, "सर, बसा. तास सुरू झालाय."

बसले बाई ते. एवढा उंच माणूस, गुडघे बाकात मावेनात. पण तास संपेपर्यंत बसले. गौरांगनं त्यांना आपल्या वहीतलं पान फाडून दिलं आणि गोदावरी कुठून कशी काढायची ते बोट धरून दाखवलं.

घंटा झाली. प्राचार्य हातातला कागद बघत राहिले, मग त्यांनी अगदी मित्राला विचारावं तसं विचारलं, "गौरांग, तुमचं कॉलेज संपतं तरी कधी?"

गौरांगनं त्यांच्याकडे जरा नवलानंच बघितलं. एवढा मोठा माणूस आणि एवढं साधं माहीत नाही!

"सर, पाच वाजता."

"आणि मग?"

"मग उद्या."

प्राचार्यांनी चष्मा काढला.  मृण्मयीकडे वळून म्हणाले, "मॅडम, उद्या अकराला ऑफिसात या. कॉम्प्युटर याच खोलीत भिंतीकडेला बसवता येतात का बघू. या लोकांनाही शिकवू." आणि जाताना माझ्यापाशी थांबले. "ताई, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. माझाही अभ्यास व्हायचाय."

 मी वाकून नमस्कार केला त्यांना. मग मृण्मयीलाही करायला गेले तर ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरगी किंचाळली, "काकू, काय करताय!" आणि माझ्या गळ्यातच पडली. नमस्कार काय करते मी? तिच्यासाठी मी काहीही केलं तरी कमीच आहे. तिनं माझ्या मुलाला उंबऱ्यावरून उठवलं.

वर्ग चालू आहे. जूनमध्ये दर वर्षी गौरांग पायरीवर नारळ फोडतो, नवे येणारे ओंजळ धरतात. निरोप समारंभ त्या वर्गाचा परत झाला नाही. प्राचार्य निवृत्त झाले, तरी अधूनमधून येतात, मागच्या बाकावर बसतात, कॉम्प्युटरवर गौरांगकडून काहीबाही शिकतात.

आमचे हे तीन वर्षांपूर्वी गेले. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी गौरांग दुपारी जेवला, बाबांच्या फोटोला म्हणाला, "येतो," आणि निमाणीला बस पकडायला गेला. मी दारात उभी राहून बघत होते. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की माझं झालं तरी चालेल. मी नसले तरी दुपारी बस सुटणार आहे आणि हा तीत बसणार आहे.

म्हणून परवा साळूबाईनं मेथी देता देता परत विचारलं, "कधी संपायचं वो त्याचं कालेज?" तेव्हा मी पिशवी खांद्याला लावली आणि सांगितलं, "पाच वाजता गं बाई. चल, निघते. त्याची यायची वेळ झाली."